पाय कुणी कुणाचे धुवायचे?

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी वसईपासून मडगावपर्यंत कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये गेलं तर एक दृश्य बघायला मिळतं. वेदीसमोरच्या बाकावर बारा जण बसलेले असतात. फादर वरचा झगा उतरवतात, कमरेला टॉवेल गुंडाळतात, गुडघे टेकतात आणि एकेकाचा पाय परातीवर धरून त्यावर पाणी घालतात, मग पुसतात. बारातले बहुतेक जण घरूनच साबणानं पाय घासून आलेले असतात. नखं कापलेली, टाचा दगडानं घासलेल्या. तरीही पाय पुढे करताना माणूस अवघडतोच. धुणाऱ्यापेक्षा धुवून घेणाऱ्याचाच चेहरा जास्त लाजलेला दिसतो.

हे अवघडलेपण त्या प्रसंगाइतकंच जुनं आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र पाय मागे घेतो. हे काम घरच्या गुलामाचं. गुरूनं ते करायचं म्हणजे काय? वरवर पाहता पेत्राचं म्हणणं नम्रतेचंच आहे. येशू मात्र ते चालवून घेत नाही. धुवू दिलं नाहीस तर तुझा माझा संबंध उरणार नाही, अशा अर्थाचं तो सुनावतो. मग पेत्राचा तो नकार नम्रतेचा होता की गर्वाचा? गुरूनं कसं वागावं हे गुरूऐवजी पेत्रच ठरवायला निघाला होता, हे नाकारता येत नाही.

गर्व कशाला म्हणायचं आणि नम्रता कशाला, यावर ख्रिस्ती परंपरेत गेली दोन हजार वर्षं विचार चालू आहे. त्यात एकवाक्यता नाही. एक प्रवाह सांगतो, स्वतःला सगळ्यांहून हीन मान. दुसरा सांगतो, स्वतःबद्दल जे खरं आहे तेवढंच मान. तिसरा विचारतो, ही शिकवण देतंय कोण आणि ऐकवली जातेय कुणाला? हा आढावा घेताना मला तिसरा प्रश्न सर्वांत जुना वाटतो. तो उशिरा विचारला गेला असेल, पण त्या परातीपाशी तो पहिल्या दिवसापासून होता.

हलक्या माणसाचा शब्द

मराठीत एक सोय आहे. गर्व, ताठा, तोरा, माज, घमेंड हे सगळे एका बाजूला. अभिमान आणि स्वाभिमान दुसऱ्या बाजूला. मुलीच्या निकालाचा बापाला अभिमान वाटतो, गर्व वाटत नाही. हल्ली हिंदीच्या सवयीनं 'मला गर्व आहे' असं म्हटलं जातं, तेव्हा जुन्या वळणाच्या माणसाच्या कानाला ते खटकतं, कारण गर्वाचं घर खाली हे त्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. बायबलच्या नीतिसूत्रांतही गर्वामागून पतन येतं असा इशारा आहे. पण ज्या ग्रीक-रोमन जगात ख्रिस्ती धर्म वाढला, तिथं अडचण गर्वाची नव्हती, नम्रतेचीच होती.

नव्या करारात नम्रतेसाठी जो ग्रीक शब्द येतो त्याच्या पोटात 'टपैनोस' आहे. टपैनोस म्हणजे खालचा, हलका, दबलेला. हा शब्द गुलामाला, हरलेल्याला, लाचाराला लावायचा. सद्गुणांच्या यादीत त्याला जागा नव्हती. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात मानाचं पान मिळतं ते थोर मनाच्या माणसाला. त्याची लायकी मोठी असते आणि ती मोठी आहे हे तो जाणून असतो. लायकी असून स्वतःला कमी समजणारा माणूस ॲरिस्टॉटलच्या लेखी कोत्या मनाचा.

अशा जगात पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना पत्र लिहितो. फिलिप्पै ही मॅसिडोनियातली रोमन वसाहत. निवृत्त सैनिकांना तिथं जमिनी देऊन वसवलेलं होतं. पद, मान, हुद्दा यांचं तिथं मोठं अप्रूप. त्यांना पौल सांगतो की ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही. त्यानं स्वतःला रिकामं केलं, गुलामाचं रूप घेतलं आणि मरण पत्करलं, तेही क्रुसावरचं. क्रूस ही मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती; रोमन नागरिकाला ती सहसा मिळत नसे. हुद्द्यांची शिडी पाठ असलेल्या गावाला ही कथा ती शिडी उलटी उतरत सांगितली गेली.

इथं एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या कथेत वाकणारा वरचा आहे. त्याच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी आहे आणि ते तो स्वतःहून सोडतो. लूकच्या शुभवर्तमानात मरीयेच्या तोंडी जे स्तोत्र आहे, त्याचीही दिशा हीच: सिंहासनावरचे खाली येतात, दीन वर चढतात. दीनांनी आणखी खाली जावं असं त्यात कुठंच नाही.

मूळ पाप कोणतं?

गर्वाला पापांच्या मुळाशी नेऊन बसवलं ते मुख्यतः ऑगस्टीननं (354–430). तो उत्तर आफ्रिकेतला. पेशानं वक्तृत्वाचा शिक्षक, मिलानमध्ये दरबारी मान असलेली जागा मिळालेला. त्यानं आपल्या 'कबुलीजबाबा'त एक लाजिरवाणी आठवण नोंदवली आहे. तरुणपणी त्यानं बायबल हातात घेतलं, तेव्हा सिसेरोच्या भरजरी लॅटिनपुढे त्याला ते गावंढळ वाटलं. वाकून आत शिरावं लागेल असं बुटकं दार होतं ते, आणि वाकायची त्याची तयारी नव्हती. गर्व भाषेचाही असतो. ही गोष्ट आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

सन 410 मध्ये रोम लुटलं गेल्यानंतर ऑगस्टीननं 'देवाचं नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. त्यात तो म्हणतो की आदाम आणि हव्वा फळ खाण्याआधीच मनानं घसरलेली होती. देवाचा आधार सोडून माणसाला स्वतःच स्वतःचा आधार व्हावंसं वाटलं, ते पहिलं पाप. फळ खाणं नंतरचं. त्याची ही मांडणी साम्राज्यालाही लागू होती. जिंकण्याचा हव्यास सुटलेलं शहर स्वतःच त्या हव्यासाच्या मुठीत सापडतं, हे त्यानं रोमच्या नागरिकांना समजावलं.

देवदूतांतला तेजस्वी दूत गर्वानं पडला आणि सैतान झाला, ही कथाही याच विचाराच्या सोबतीनं युरोपभर रुजली. तिचा एक धागा यशया संदेष्ट्याच्या 14व्या अध्यायात आहे. तिथलं वर्णन मुळात बाबेलच्या राजाच्या पतनाचं. नंतरच्या वाचकांनी ते सैतानाला लावलं. म्हणजे गर्वाची सर्वांत गाजलेली ख्रिस्ती कथा एका सत्ताधाऱ्याच्या कथेतून उगवली. हीच पतनकथा मराठीत ओवीबद्ध झाली ती गोव्यात. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, त्यात देवदूतांचं पतन पुराणाच्या थाटात येतं. पुराण ऐकायला बसणाऱ्या श्रोत्याला अहंकारानं बुडालेले राजे आणि दानव परके नव्हते, त्यामुळे कथा नवी असूनही तिचा आशय ओळखीचा वाटला असणार.

मठातली शिडी

ऑगस्टीनच्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंनी गर्वाकडे वैद्याच्या नजरेनं पाहिलं. इव्हाग्रियसनं (मृत्यू 399) माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिच्या शेवटी दोन वेगळे विचार आहेत: लोकांनी वाहवा करावी ही हाव, आणि आपल्याला कुणाचीच गरज नाही हा गर्व. लोकस्तुतीची भूक निदान लोकांवर अवलंबून तरी असते. गर्वाला लोकही लागत नाहीत. पुढे पोप ग्रेगरी यांनी (मृत्यू 604) या यादीची फेरमांडणी केली आणि गर्वाला सगळ्या दुर्गुणांची राणी ठरवलं. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षानं स्वतःसाठी वैश्विक पदवी वापरली, तेव्हा ग्रेगरींनी तिला कडाडून विरोध केला आणि स्वतःसाठी 'देवाच्या सेवकांचा सेवक' हे बिरुद वापरलं. आज ते पोपच्या अधिकृत बिरुदांपैकी एक आहे. नम्रतेचीही पदवी होते, ती अशी.

वाळवंटातल्या साधूंची एक गोष्ट आहे. एका साधूपुढे सैतान देवदूताच्या वेषात प्रकटला आणि म्हणाला, मी गॅब्रिएल, मला तुझ्याकडे पाठवलंय. साधू म्हणाला, बघा हो, दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असेल. माझी काही तेवढी योग्यता नाही. सैतान नाहीसा झाला. या गोष्टीत रडारड नाही, छाती पिटणं नाही. आहे तो मिश्कील शहाणपणा.

सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. त्यातल्या काही आजच्या वाचकाला जड जातात. आपण सगळ्यांहून हलके आहोत असं नुसतं म्हणू नये, मनापासून मानावं, ही सातवी. पण याच नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात वेगळंच काही आहे. महत्त्वाचा निर्णय असेल तर मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण जे बरं ते देव पुष्कळदा सर्वांत धाकट्याला सुचवतो. मान खाली घालायला शिकवणारं पुस्तक मठाधिपतीलाही कान द्यायला लावतं. नंतरच्या प्रवचनांतून सातवं प्रकरण जितकं ऐकू येतं तितकं तिसरं येत नाही.

बेनेडिक्टच्या शिडीवर सर्वांत चटकदार पुस्तक लिहिलं क्लेअरव्होच्या बर्नार्डनं, 1120च्या दशकात. नम्रतेच्या पायऱ्या सांगायला बसलेल्या बर्नार्डनं गर्वाच्या बारा पायऱ्या सांगितल्या आणि शेवटी कबूल केलं की चढण्यापेक्षा उतरणंच मला जास्त ठाऊक आहे. त्याची पाचवी पायरी म्हणजे वेगळेपणाची हौस. हा मठवासी पंगतीत बसला की त्याची नजर इतरांच्या ताटांवर. कुणी आपल्यापेक्षा कमी जेवताना दिसला की याचा जीव कासावीस होतो आणि हा स्वतःचा घास आणखी कमी करतो. सगळ्यांच्या प्रार्थनेत याला झोप येते. एकट्यानं जास्तीची प्रार्थना करताना मात्र टक्क जागा. नववी पायरी खोट्या कबुलीची. चूक पकडली गेली की हा स्वतःवर असे भयंकर आरोप करतो की ऐकणाऱ्याला खरी चूकसुद्धा खोटी वाटू लागते. 'मी तर बाबा अगदीच नालायक' असं म्हणून 'छे छे, असं काय बोलता' हे वदवून घेणारी माणसं आपल्याही ओळखीची असतात. बर्नार्डनं त्यांना नऊशे वर्षांपूर्वी पकडलं.

खरं तेवढंच

मठातल्या या शिकवणीत एक तार्किक अडचण होती. देवानं एखाद्याला बुद्धी दिली असेल, तर 'मला बुद्धी नाही' म्हणणं हे खोटं बोलणं नाही का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं ती सोडवली. त्यानं नम्रता आणि ॲरिस्टॉटलचं थोर मन यांची सांगड घातली. स्वतःतलं देवानं दिलेलं पाहून माणूस मोठ्या कामाला हात घालतो, आणि स्वतःतली उणीव पाहून तो पायरी सोडत नाही. दोन्ही गुण एकाच माणसात नांदू शकतात. विरोध आहे तो गर्वाशी, कारण गर्व हिशेबच चुकवतो.

सोळाव्या शतकात स्पेनच्या तेरेसानं हेच अधिक सोपं केलं. देवाला नम्रता इतकी का आवडते, या प्रश्नावर तिला सुचलेलं उत्तर असं की देव सत्य आहे आणि नम्रता म्हणजे सत्याला धरून चालणं. हे लिहिणारी बाई नवे मठ उभारत होती, पैशांचे व्यवहार बघत होती, वरिष्ठांशी भांडत होती. तिच्या नम्रतेला कामाचा घाम होता.

मार्टिन लूथरनं 1521 मध्ये मरीयेच्या स्तोत्रावर भाष्य लिहिताना आणखी एक गाठ सोडवली. मरीयेनं आपल्या नम्रतेची बढाई मारलेली नाही, असं त्याचं म्हणणं. देवानं तिच्या कनिष्ठ स्थितीकडे पाहिलं, एवढंच ती सांगते. खऱ्या नम्र माणसाला आपण नम्र आहोत याचा पत्ताच नसतो. नम्रता ही कमवायची पुण्याई झाली की ती गर्वाची शेवटची लपायची जागा होते.

विरोधकांची साक्ष

ख्रिस्ती नम्रतेवर टीका करणाऱ्यांना टाळून हा आढावा पुरा होत नाही. डेव्हिड ह्यूमनं 1751 मध्ये नम्रतेला मठवाल्या सद्गुणांत ढकललं: जगात कुणाच्या उपयोगाचे नाहीत आणि स्वभाव मात्र कडवट करतात, असे गुण. 1887 मध्ये नीत्शेनं घाव आणखी खोल घातला. दुबळ्यांनी आपल्या नाइलाजालाच सद्गुण म्हटलं आणि बलवानांना लाजवलं, असा त्याचा आरोप. नीत्शेला दुबळ्यांची चीड होती. पण त्यानं दाखवलेली जागा खरी होती. नाइलाजानं वाकलेल्याला 'किती नम्र' म्हणणं ही फसवणूकच.

विसाव्या शतकात राइनहोल्ड नीबुर या अमेरिकन विचारवंतानं गर्वाचे प्रकार पाडले: सत्तेचा, ज्ञानाचा, आणि सर्वांत धोकादायक तो सदाचाराचा. महायुद्धाच्या उंबरठ्यावर दिलेल्या व्याख्यानांत राष्ट्रांच्या गर्वाची त्यानं केलेली चिरफाड आजही वाचण्याजोगी आहे. पण 1960 मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग या अभ्यासक स्त्रीनं एका निबंधात विचारलं, ही 'माणसाची' अवस्था नेमकी कुणाची? जिनं सगळं आयुष्य इतरांसाठी खर्चलं, जिला स्वतःचं असं मतच उरलेलं नाही, तिला गर्व सोड म्हणून सांगणं म्हणजे आजाराच्या उलटं औषध देणं. तिचं पाप, पाप म्हणायचंच तर, स्वतःला हरवून बसणं हे आहे.

भारतात हा प्रश्न जातीच्या अंगानं आला. 1980च्या दशकात बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दलित ईशज्ञानाची मांडणी सुरू केली. भारतातल्या ख्रिस्ती समाजात दलितांचं प्रमाण मोठं, तरी धर्मविचार मात्र बराच काळ ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद साधण्यात गुंतलेला. गोव्यात चर्चशी जोडलेल्या बंधुमंडळांतही जाती शिरलेल्या, तमिळनाडूत काही ठिकाणी स्मशानभूमीसुद्धा वेगळी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'खालीच राहा' सांगितलं गेलं, त्यांना चर्चनंही दीन व्हायला सांगायचं? आंबेडकरी चळवळीनं घडवलेल्या महाराष्ट्राला 'स्वाभिमान' या शब्दाचं वजन वेगळं समजवावं लागत नाही. दलित ईशज्ञानात क्रुसावरचा सेवक खाली ओढलेल्यांच्या बाजूला उभा असतो. त्यांना आणखी वाकवायला तो आलेला नसतो.

चर्चच्या शिखरावरही ही जाणीव पोचली. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये निवड झाल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लीम होते. 2016 मध्ये स्त्रियांचे पाय धुण्याला नियमानंच परवानगी मिळाली. 2014 च्या नाताळात त्यांनी व्हॅटिकनच्या अधिकाऱ्यांना त्यांचे पंधरा आजार ऐकवले. आपल्यावाचून चालणारच नाही असं वाटणं, हा पहिला. नम्रतेचं प्रवचन या वेळी खालच्यांना नव्हतं, आपल्याच घरातल्या वरच्यांना होतं.

केडगावचा दाखला

मराठी माणसाला हा सगळा वाद एकाच आयुष्यात पाहायचा असेल तर त्यानं पंडिता रमाबाईंकडे जावं. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत असताना ठिणगी पडली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हटलं. रमाबाईंनी उलट टपाली आश्चर्य कळवलं: माझ्या आईनं किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानंही घेतली नाही, आणि इथं इंग्रज ख्रिस्ती लोक घेत आहेत! धर्ममतांच्या बाबतीतही त्या आपल्या बुद्धीला पटेल तेवढंच मानत. भटाब्राह्मणांचं जोखड महत्प्रयासानं उतरवल्यावर पाद्र्यांचं तसलंच जोखड मानेवर घ्यायची माझी इच्छा नाही, अशा आशयाचं त्यांनी धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलं. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. त्यात जेराल्डीनबाईंची तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: या मुलीत गर्व आहे, नम्रता नाही.

जेराल्डीनबाई दुष्ट नव्हत्या. रमाबाईंवर त्यांची माया होती. पण राज्यकर्त्या देशातली, वयानं मोठी, धर्मानं आईच्या नात्याची बाई जित देशातल्या विधवेला नम्रता शिकवते, तेव्हा त्या शब्दात किती गोष्टी मिसळतात हे त्यांना दिसलं नाही. परातीपाशी त्या उभ्या होत्या आणि वाकायला सांगत होत्या दुसरीला.

याच्या उलट चित्र लक्ष्मीबाई टिळकांचं. नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलेलं नव्हतं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते कसं गळालं हे सांगितलं आहे. एका रात्री त्या विचार करत पडल्या, जात देवानं केली की माणसानं? सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं की आता कुणाच्याही हातचं चालेल. इथं कुणी त्यांना झुकवलं नाही. जन्मानं मिळालेली उंची त्यांनी स्वतःच खाली ठेवली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला.

आणि रमाबाई? बिशपांपुढे न वाकलेल्या या बाईनं केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या शेकडो बायकामुलींबरोबर आयुष्य काढलं. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि सबंध बायबलचं भाषांतर एकटीनं करायला घेतलं. बायबल मराठीत आधीच होतं. पण ते संस्कृतानं जड झालेलं, अशी त्यांची तक्रार होती. नुकतंच अक्षर लागलेल्या बाईला ते कळायचं नाही. ज्या संस्कृतानं त्यांना पदव्या मिळवून दिल्या, तेच त्यांनी वाक्यावाक्यातून वेचून बाजूला काढलं. छपाईही मुक्तीतल्याच बायकांच्या हातची. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

ऑगस्टीनला जे दार बुटकं वाटलं होतं, ते रमाबाईंनी केडगावच्या बायकांच्या मापाचं करून दिलं. त्यासाठी वाकल्या त्या स्वतः.